सही नको, जागा द्या

सुकन्याला नुसती सही हवी असती तर काम नांदेडातच झालं असतं. कॉलेजनं सांगितलं होतं, सुट्टीत महिनाभर एखाद्या वकिलाच्या हाताखाली बसा आणि तसं लिहून आणा. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ते चहा पिता पिता लिहून आणलं. सुकन्या कोर्टाच्या आवारात गेली, तर ज्याला त्याला सही करायची घाई. एकानं तर तिचं नाव विचारायच्या आधीच पेन काढला. "सही नको साहेब, मला बसून काम बघायचंय," म्हटलं की मात्र चेंबर लहान पडायचं, सरांना बाहेरगावी जायचं असायचं, नाहीतर दिवाळीनंतर बघू.

लेकीला मांडीवर थोपटत तिनं कायद्याची पुस्तकं वाचली होती. पुढच्या वर्षी वकिलीची सनद मिळणार, आणि साधा अर्ज कोर्टात नेऊन कुणाच्या हातात द्यायचा हे ठाऊक नाही. आपल्या अज्ञानापायी एखाद्या बाईचं वाटोळं व्हायचं, ही भीती तिची पाठ सोडत नव्हती. बघायची संधी काय ती याच सुट्टीत. सुट्टीपुरती ती लातूरला माहेरी आली होती; इथं होती तोवर लेकीला सांभाळायला आई होती. भोकरला सासरी परतलं की तीही सोय नाही.

शेवटी निलंग्याच्या शेषेरावमामांनी ओळख काढली. लातूरच्या वीरेश वकिलांना फोन केला, आमच्या भाचीचं तेवढं बघा म्हणाले. आता पोरगी वकिलाकडं पहिल्यांदा जाणार, ती एकटी कशी जाईल? पांढरे कपडे घालून मामा पुढं, डोक्यावरून पदर घेऊन आई मागं, आणि सोडायला तयार नाही म्हणून लेक सुकन्याच्या कडेवर. असं सगळं लटांबर चेंबरबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलं.

वकिलांच्या नरसिंग मुन्शीनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि कागद ओढला.

"कवापासून माहेरी हाय?"

"झाले की आठ-पंधरा दिस," मामांनी सरळपणानं सांगितलं.

"नवरा न्यायला आला न्हाई?"

"त्याला कुठं सवड."

मुन्शी खाली मान घालून लिहीत राहिला. नवऱ्याकडून खावटी किती मागायची, असं त्यानं विचारलं तेव्हा आईच्या डोक्यात प्रकाश पडला. ती उसळलीच. "ओ भाऊ, जावई देवमाणूस हाय आमचा."

"आधी सगळ्यांचेच असतात, मावशी," मुन्शी शांतपणानं म्हणाला.

मामा आणि मुन्शी यांची जुंपली. सुकन्याला तोंड घालायला फट सापडेना. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाईनं लेकीच्या हातात बिस्किट दिलं. सुभद्रा तिचं नाव, निलंग्याकडची. तिची मात्र खरंच खावटीची केस होती. सुकन्याही आपल्यासारखीच नवऱ्यानं टाकलेली, असं समजून ती हळूहळू बोलत गेली; सासरचं, नवऱ्याचं, कुणाला न सांगितलेलंही. सुकन्याला ऐकवेना आणि थांबवताही येईना. शेवटी सुकन्यानं तिच्या हातावर हात ठेवला. मी केसवाली नाही ताई, वकिली शिकायला आलेय, म्हणाली.

सुभद्रानं हात काढून घेतला. "मंग मी बोलले त्याचं काय?"

"माझ्यापाशीच राहील."

आतून बोलावणं आलं. वीरेश वकिलांना मुन्शीचा घोटाळा कळला तसे ते पोट धरून हसले, आणि हसता हसताच त्यांनी हात पुढं केला. आणा, कुठं सही करायची ती. सुकन्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं एका दमात सांगून टाकलं. सही महिन्यानंतर द्या, नाही दिली तरी चालेल. कोपऱ्यात बसेन, कोर्टात मागं उभी राहीन, फाईली लावून देईन, मधे बोलणार नाही.

वकील गंभीर झाले. जागेचं काही नाही, म्हणाले, पण बाया माझ्यासमोरच तोंड उघडत नाहीत, त्यात अनोळखी पोरगी बसलेली बघून काय बोलणार?

"बाहेर सुभद्राताई आहेत. त्यांना विचारा."

सुभद्रा दारात येऊन उभी राहिली. सुकन्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "बसू द्या की तिला. तुमच्यापुढं मला बोलायला सुधरत न्हाई."

वकिलांनी मान डोलावली. उद्यापासून या, पण लेक घरी, मामाही घरी, आणि इथं ऐकलेलं इथंच. "हे शेवटचं मोडलं, तर पुन्हा पायरी चढू नका."

संध्याकाळी मामा चहाची वाट बघत बसले आणि अगदी सहज म्हणाले, ती बाकड्यावरली आमच्याकडली सून, लई वेळ कुजबुजत होती. "काय म्हणत होती ती?"

"ते सांगता येत नाही, मामा."

"मी परका हाव का? ओळख कुणी लावली?"

"तुम्हीच लावली."

"मंग?"

"तरीबी न्हाई."

मामा उठले, पायात चपला अडकवल्या आणि चहा न घेताच गेले. मग आईनं तोंडाचा पट्टा सोडला. आजवर भावानं ह्या घरचा चहा कधी नाकारला नव्हता. असली कसली वकिली, जी घरच्याच माणसाला तोडते? उद्या पोरीला मी बघायची न्हाई, तुझं तू बघ.

सुकन्या उठली. मोरीत जाऊन उद्या घालायचा पांढरा ड्रेस भिजवला आणि सगळा राग त्याच्यावर काढला. जागा मिळाली, तर आता हे. सगळ्यांना सही द्यायचीय, ओळख द्यायचीय, अन् मोबदल्यात काहीबाही हवंय. लेक दुडुदुडु आली आणि पिळ्याचं दुसरं टोक धरून ओढू लागली.

"उद्या आजीपाशी राहशील ना गं?"

लेकीनं मान हलवली. हो की नाही, काही कळेना.

आतून आईचा आवाज आला, अजून फुरंगटलेलाच.

"पंख्याखाली टाक तो ड्रेस. न्हाईतर सकाळपर्यंत वाळायचा न्हाई."