बोट समुद्रात असताना

मेबलने फळ्यावर तिसरं नाव लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. ते तिच्या स्वतःच्या पद्धतीचं नाव होतं.

कोल्लमच्या त्या लहानशा कंपनीत बरेच दिवस एकच वाद चालला होता. किनाऱ्यावरचा त्यांचा प्रोग्राम मच्छीमार बोटींवरच्या ॲपला हवामानाचे इशारे पाठवायचा. वादळ आलं की सगळ्या बोटींना एकदम निरोप सुटायचे आणि उपग्रहाची वाट तुंबायची. निरोप लहान बांधायचा, झटपट बांधायचा, हे सगळ्यांना मान्य होतं. कसा, यावर घोडं अडलं होतं. जुनी पद्धत साध्या मजकुराची, ऐसपैस. तिचा सहकारी रतीश, त्याच्या पद्धतीत प्रत्येक माहितीला क्रमांक चिकटवलेला. मेबलने क्रमांकही काढून टाकले होते. ठरलेल्या क्रमाने नुसते आकडे. चाचणीसाठी तिन्ही पद्धती वाचणारं ॲप गेल्या महिन्यातच सगळ्या बोटींवर चढवलं होतं. एकदा मनावर घेतलं की ही बाई कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

चाचणी झाली आणि तिची पद्धत दोन्हींना मागे टाकून कुठल्या कुठे निघून गेली. पैजेप्रमाणे रतीशने सगळ्यांना गरम पळंपोरी आणली. कंपनीचे मालक कुरियन सर, त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, निरोपांच्या नव्या कामाची प्रमुख मेबल. केळ्याची ती भजी हातात धरून मेबल नुसती हसत राहिली. या जागेसाठी तिने काय कमी खस्ता खाल्ल्या होत्या?

दुपारी निरोपात लाटांची उंची घालायचं ठरलं. मेबलने ती वाऱ्याच्या आधी घातली, एका फोनवर नवं ॲप चढवलं आणि वादळाचा निरोप सोडला. लाटा चार, वारा नव्वद. बरोबर आलं. शेजारच्या फोनवर बोटींवरचं जुनंच ॲप राहिलं होतं, त्यालाही तो निरोप पोचला. त्याने पहिला आकडा वाऱ्याचाच धरला. तिथे दिसलं: वारा चार, समुद्र शांत.

मेबलने तो फोन हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

रतीशने वाकून पाहिलं. त्यात काय मोठंसं, म्हणाला, सगळ्यांवर एकाच दिवशी नवं ॲप चढवू.

"माझा अप्पन परवाच बोट घेऊन समुद्रात गेलाय," मेबल वडिलांबद्दल म्हणाली. "बोट धक्क्याला लागेपर्यंत त्याचं ॲप जुनंच राहणार."

कुरियन सरांनी समजावून पाहिलं. थोडी डागडुजी कर, जिंकलीस तू, उगाच हातची संधी घालवू नकोस. ती उठली आणि फळ्यावरचं आपलं नाव पुसलं. रतीशची पद्धत घ्या, म्हणाली, अनोळखी क्रमांक आला तर जुनं ॲप तो सोडून पुढे जातं. पद्धत रतीशची, तेव्हा प्रमुखही तोच. तिला वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसतही होतं, पण मागे वळायचं तिने नाव काढलं नाही.

संध्याकाळी नवा प्रमुख क्रमांक वाटायला बसला. डिझेलचा भाव हल्ली निरोपात जात नव्हता. त्याचा क्रमांक मोकळा होता, तोच तो लाटांना देऊ लागला.

"तो नको," मेबल म्हणाली. "जुन्या ॲपला लाटा म्हणजे डिझेलचा भाव वाटेल."

"अगं, रिकामाच तर पडलाय."

"आमच्या किनाऱ्यावर बुडालेल्या बोटीचं नाव दुसऱ्या बोटीला देत नाहीत, रतीश. कुणीतरी अजून त्याच नावाची वाट बघत असतं."

रतीशने तिच्याकडे पाहिलं. मग लाटांसमोर नवा क्रमांक लिहिला.