रंगूबाईची हाक

कुडपणच्या रंगूबाईला मोबाइल दिला तो तिच्या लेकीने, दर्शनाने. हेतू हा, की आईने मुंबईतल्या नातवंडांची तोंडं पाहावीत. रंगूबाईने वर्षभरात त्यात कोल्ह्यांचीच तोंडं भरून ठेवली.

तिच्या परसात केळीखाली तिन्हीसांजेला जोडी यायची. आधी आली ती टाकलेल्या सुक्या बोंबलांच्या डोक्यांसाठी, पुढे हाकेवर यायला लागली. "ये गो बाय, ये," रंगूबाई लाडाने म्हणायची, की कोल्हीण कुंपणातून नाक काढायची. कोल्हा मागेच उभा राहायचा, तो शहाणा. कोल्हिणीच्या कपाळावर जुन्या जखमेचं टेंगूळ होतं, त्यावरून ती लांबूनही ओळखू यायची. पहिले दोन महिने फोटोत नुसत्या शेपट्या आल्या. मग अर्धं तोंड. माघात मात्र ती समोर चांगली बसून राहिली आणि रंगूबाईने हाक मारण्यापासून सगळा व्हिडिओ काढून लेकीला पाठवला. दर्शनाने तो कौतुकाने गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथेच घात झाला.

दोन घरं पलीकडचा पुतण्या मुरारी शिमग्याला गावी आला होता. मुंबईत त्याने नवं दुकान काढलेलं. कुणा बाबाने त्याला सांगितलं होतं, की कोल्ह्याचं शिंग गल्ल्यात ठेवलं की बरकत येते. व्हिडिओतलं ते टेंगूळ त्याला शिंग वाटलं! चांगला बारावी झालेला गडी, दुकान चालवतो, आणि कोल्ह्याला शिंग असतं म्हणे. अशा अकलेला काय म्हणावं?

शिमग्यातल्याच एका संध्याकाळी रंगूबाई लाकडांचा भारा घेऊन येत होती. खालच्या उतारावरून आवाज आला, "ये गो बाय, ये." तिचाच आवाज. ती तर तोंड मिटून वाटेत उभी होती. पुन्हा तीच हाक, तोच लाड. भारा तिथेच टाकून ती कोयता घेऊन धावली.

करवंदीच्या जाळीत दगडाला टेकवून मोबाइल ठेवलेला होता. पुढ्यात बोंबलांची डोकी. आणि तारेच्या फाशात कोल्हिणीचा मागचा पाय. मुरारी दांडका घेऊन पुढे सरकत होता.

"टाक तो दांडका!" रंगूबाई मधे जाऊन उभी राहिली.

"काकी, फक्त शिंगापुरतं गो. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय? माझ्या तोंडानं बोलावलंस तिला, मेल्या! आणि मारायला?"

एका घावात तिने फाशाची खुंटी तोडली. तार सैल पडली, कोल्हिणीने पाय ओढून घेतला आणि जाताना दात विचकले ते रंगूबाईवर. मुरारीवर नाही. बरोबरच होतं तिचं, हाक कुणाची होती?

सकाळी पालखीचं ठरवायला गावकी बसली होती, मुरारीही त्यात होता. रंगूबाई तिथे जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. गावकीचे म्होरके सहदेवतात्या हसले. "रंगू, गावकी पालखीसाठी बसलेय, कोल्ह्यासाठी नाय. आणि त्यांना माणसाळवलं कुणी? तूच ना?"

सगळे हसले. रंगूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मीच माणसाळवलं, तात्या. मला वाटलं, हितं माणसं राहतात!"

हसणं थांबलं, पण मुरारीला कुणी एका शब्दाने बोललं नाही. ती त्याच्याकडे वळली. "तो व्हिडिओ पूस आधी."

"पुसतो की. पण ग्रुपवर दोनशे जण हायत, काकी. कुणाकुणाचा पुसायला लावशील?"

रंगूबाई पाठ फिरवून घराकडे चालू लागली.

दोन दिवसांनी कोल्हीण लंगडत केळीखाली आली. एवढं होऊनही आली, याचाच रंगूबाईला जास्त संताप आला. "ये गो बाय, ये," तिने अगदी व्हिडिओतल्यासारखी हाक मारली. नाक कुंपणातून बाहेर येताच तिने तेलाचा रिकामा डबा कोयत्याच्या पाठीने बडवला आणि दगड भिरकावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी एक दगड लागला. कोल्हीण कळवळली आणि रंगूबाई दारात बसून रडली. चौथ्या दिवशी डोळे पुसून तिने पुन्हा डबा घेतला.

पाचव्या दिवशी ती डबा घेऊन बाहेर येते तोच उतारावरून तिचाच आवाज आला. मुरारी असेल, नाहीतर दोनशेतला दुसरा कुणी. "ये गो बाय, ये."

केळीमागचा पाचोळा वाजला. दोन अंगं वरच्या रानाकडे सुसाट गेली, त्यातलं एक लंगडत.

रंगूबाईने डबा खाली ठेवला. "जा गो बाय, जा," ती पुटपुटली, कुणाच्या मोबाइलला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.