चौकातली लांब शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. माझा आवाज चढाच असणार, तेव्हा कानावर हात ठेवू नका. अख्खा चौक माझं ऐकायचा, तुम्हीही दोन घटका ऐका.

पितळी पत्रा कापून मला घडवलं, वर चकचकीत मुलामा दिला आणि पोटात बुचाची गोळी टाकली. ती नाचते म्हणून मी वाजते. वाहतूक खात्याच्या पेटीतून मी हवालदारांच्या हातात पडले आणि माझं नशीब उघडलं. त्यांनी मला दोरीत ओवलं, चौकात उभं राहून छाती भरून फुंकलं, आणि चारी रस्ते जागच्या जागी थबकले. एकच शिट्टी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीच आमची ओळख झाली.

कोपऱ्यावर त्यांच्या बायकोचं शिवणकामाचं दुकान होतं. मशीनवरची मान वर न करता ती सांगायची, "आज स्वारी रागावलीय." माझ्या आवाजावरून तिला नवरा कळायचा.

चौक म्हणजे धुराचं माहेरघर. दिवा लाल झाला तरी गाड्या घुरघुरतच राहायच्या. संध्याकाळी मला पुसलं की रुमाल काळा व्हायचा. खात्याने मास्क दिले होते, पण नाकतोंड झाकलं तर मला वाजवणार कशी? म्हणून सगळ्यांनी मास्क खाली ओढला आणि दिवसभर तिथेच ठेवला. आमच्या खात्यात हनुवट्यांची काळजी फार चांगली घेतली जायची.

वर्षं गेली. माझी लांब शिट्टी आधी आखूड झाली, मग मधेच तुटायला लागली. हवालदार म्हणाले, "गोळी झिजलीय हिची." मला असा राग आला! नाचता येईना अंगण वाकडं. माझी गोळी ठणठणीत होती.

एका दुपारी बायको गळ्यात टेप घेऊनच दुकानाबाहेर आली.

"अहो, आज तुमची शिट्टी अर्धीच ऐकू आली."

"जुनी झाली गं."

"आणा इकडे." तिने मला ओठांत धरलं आणि असं फुंकलं की चारी बाजूंना करकचून ब्रेक लागले. "शिट्टीला काही झालेलं नाही. आता तुम्ही चला डॉक्टरांकडे."

"मला साधा खोकलासुद्धा नाही."

"जिना चढताना मधे थांबता. छाती चोळत बसता. मी काय आंधळी आहे?"

चौकातला माणूस चौकातच पकडला गेला.

तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, "सिगारेट ओढता?"

"कधीच नाही."

"मग काम काय करता?"

हवालदारांनी मला टेबलावर ठेवलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "धुरातले बारीक कण फुफ्फुसातून रक्तात उतरतात. वर्षानुवर्षं तसं झालं की रक्तवाहिन्या खराब होतात, आतून अरुंद होतात. धूर एकटाच गुन्हेगार नसेल, पण तुमच्या हृदयाला त्याने बराच त्रास दिलाय. त्यात ही फुंकायची तर आधी छाती भरून हवा घ्यायची, तीही गाड्यांच्या मधोमध. वेळेवर आणलंय तुम्हाला."

बायकोने पदराने डोळे पुसले. हवालदारांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जाळी बसवली आणि त्यांचं चौकात उभं राहणं बंद झालं.

मी दुकानातल्या बटणांच्या डब्यात पडले. बटणं बिचारी सज्जन, पण एकालाही आवाज नाही. घरी हवालदार गोळ्या घेत, सकाळी बागेत चालत आणि उरलेला वेळ कुढत. मला फुंकायची त्यांना भीती वाटायची. आपला श्वास मधेच तुटेल ही ती भीती होती.

मग खात्यातल्या साहेबांचा निरोप आला. शहराबाहेरच्या मैदानावर नव्या शिपायांना शिकवायचं होतं. हवालदारांनी सरळ सांगितलं, "मास्क नाकावर राहील. इशारे हातांनी. शिट्टी अगदी अडल्यावरच. आणि कुणालाही वर्षानुवर्षं एकाच चौकात उभं करायचं नाही."

"शिट्टीशिवाय गाड्या थांबतील?" साहेब हसले.

"थांबवून दाखवतो."

त्यांनी शिकवलेल्या तुकडीला साहेबांनी आमच्याच चौकात उभं केलं. ताठ मान, पांढरे हातमोजे, नाकावर मास्क. एक हात वर झाला आणि चारी रस्ते थांबले. माझ्याविना थांबले, तरी माझा ऊर भरून आला. साहेबांनी चारही अटी त्याच दिवशी मान्य केल्या.

तुम्हालाही एक सांगते. लाल दिव्याला गाडी बंद करत जा. तिथे कुणीतरी उभं असतं, आणि कोपऱ्यावर कुणीतरी त्याच्याकडे कान लावून बसलेलं असतं.

तुकडीचं शिक्षण संपलं त्या दिवशी बायको मैदानावर आली. बटणांच्या डब्यातून काढून तिने मला सोबत आणलं होतं, आणि आता नवऱ्याच्या हातात ठेवलं. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं. मग डोळे मिटून झाडांकडची स्वच्छ हवा छातीत भरून घेतली आणि मला फुंकलं. मी वाजले, वाजतच राहिले, मैदान ओलांडून पार झाडांपर्यंत गेले. त्यांना धाप लागली नाही.

बायको जवळ आली, त्यांची कॉलर नीट करत म्हणाली, "आज पुरी ऐकू आली."