टॉर्च धरायचं काम

आईचा लॅपटॉप बिघडला की चिरंजीव घरी यायचे, एरवी नाही. कुणी काही म्हणा, खरं ते खरं, आणि आईला ते पक्कं ठाऊक होतं.

लॅपटॉप त्यानेच आणून दिला होता, मोठ्या कौतुकाने. "हा फेकायचा नाही, आई. जे बिघडेल तेवढंच बदलायचं. स्क्रू काढले की सगळं हाताशी." आई घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, तिला तेवढं पुरे होतं. पहिल्यांदा आतला पंखा गेला तेव्हा तो नवा पंखा घेऊन आला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप पालथा घातला आणि म्हणाला, "टॉर्च धर. हलवू नकोस."

आणि काय सांगावं, पोरगा बोलायला लागला. फोनवर 'हो', 'नाही', 'बघतो' याच्यापुढे ज्याची गाडी जात नाही, तो. साहेब डोक्यावर बसलाय, बायकोशी धड बोलणं होत नाही, झोप लागत नाही, सगळं सांगितलं. हात कामात आणि नजर स्क्रूवर असली की त्याचं तोंड सुटायचं. लहानपणीही सायकलची चेन बसवता बसवताच शाळेतल्या मारामाऱ्या सांगायचा. आईचा हात भरून आला, पण टॉर्च तसूभर हलला नाही.

मग तो मेमरी वाढवायला आला, मग बॅटरी बदलायला. त्यानंतर मात्र लॅपटॉपला काही म्हणता काही होईना. मेला धडधाकट. महिने गेले. फोन केला की "मीटिंगमध्ये आहे गं." शेवटी एका दुपारी तिने दाराला कडी घातली, स्क्रू काढले आणि कीबोर्डची चपटी वायर जराशी सैल केली. टॉर्च धरून धरून सगळं पाठ झालं होतं. लोकांच्या चुका शोधण्यात जन्म गेला बाईचा, आणि आज स्वतः मुद्दाम एक केली.

रविवारी तो आला.

लाज वाटली तिला, नाही असं नाही. पण चटक लागली. एकदा कीबोर्ड, एकदा टचपॅड, पुन्हा कीबोर्ड. मग मात्र तो वैतागला. "मॉडेलच फालतू निघालं. तुझ्या डोक्याला ताप, माझ्याही." आईच्या अगदी ओठांवर आलं होतं, अरे, मीच सैल करते. पण सांगितलं की तो विचारणार, का? आणि पोटच्या पोराला त्याचं उत्तर काय द्यायचं? तिने टॉर्च आणखी जवळ धरला. त्याने लॅपटॉप बंद केला, काखोटीला मारला आणि घेऊन गेला.

पुढच्या रविवारी तो नवा घेऊन आला. पातळ, चकचकीत. "तुझं सगळं यात घातलंय. आता वर्षानुवर्षं बघायला नको." स्वतःवरच खूश होता बिचारा. मनापासून आणला होता त्याने.

"आणि जुना?"

"ऑफिसातल्या एकाला दिला, सुट्या भागांसाठी."

टेबलाशी बसलासुद्धा नाही. खाली गाडी चालूच ठेवली होती.

तो गेल्यावर आईने नवा लॅपटॉप पालथा घातला. चष्मा चढवून, टॉर्च लावून कडेकडेने बोट फिरवलं. एकही स्क्रू नव्हता. तेव्हा मात्र तिला रडू आवरेना.

बरेच दिवस कळ काढून तिने फोन केला.

"काय गं, बिघडला?"

"नाही रे. छान चालतोय."

"कीबोर्ड वगैरे?"

"सगळं छान."

"मग फोन कशाला केलास?"

"तेच सांगायला," ती म्हणाली. "काही बिघडलेलं नाही म्हणून."