चंद्रीचं डोहाळजेवण

म्हशीचं डोहाळजेवण करा, असं मी म्हणालो होतो. थट्टेत म्हणालो होतो, पण म्हणालो होतो. तेव्हा पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मी जनावरांचा डॉक्टर. राहायला अंबरनाथला, आणि उल्हासनगरच्या मोठ्या तबेल्यांपासून बदलापूरच्या एकेका म्हशीच्या गोठ्यापर्यंत सगळीकडे माझी स्कूटर फिरते. तबेलेवाल्यांशी माझं बरं जमतं. त्यांच्या लेखी म्हैस म्हणजे दूध, दूध आटलं की विषय संपला. माझ्या नाकी नऊ आणतात ते घरगुती म्हैसवाले. ते म्हशीचं बारसं करतात, तिच्याशी गप्पा मारतात, आणि मी सुई टोचली की खाटकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात.

बदलापूरला बेलवलीत अशी दोन घरं होती, पाठीला पाठ लावून. मधे छातीएवढी भिंत. एका घरात शरदचंद्र आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी आळी माई म्हणते. शरदचंद्र कारखान्यात अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर शुद्ध दुधाचा ध्यास घेतला आणि चंद्री नावाची म्हैस आणली. चंद्रीची एक वही होती. सुका चारा किती, ओला किती, पेंड किती, पाणी किती बादल्या, सगळं त्यात रोजच्या रोज लिहिलेलं असे. वही शरदचंद्रांची आणि म्हैस माईंची, असा त्यांचा संसार होता. मूलबाळ नव्हतं.

भिंतीपलीकडे शिवराम आणि अंजनाबाई. शिवराम अजून कारखान्यात जायचे. त्यांची म्हैस चिमी. तिची वही नव्हती. अंजनाबाईंचं सगळं डोक्यात असायचं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि त्यांच्याखाली चिमीला जनावरांच्या मेळाव्यात मिळालेला बक्षिसाचा पेला. अंजनाबाई सहा वर्षांपूर्वी इथं राहायला आल्या तेव्हा त्यांनी माईंना चहाला बोलावलं होतं. माई भिंतीपलीकडूनच म्हणाल्या, “आत्ताच झाला हो.” पुढं दोन-तीनदा असंच झालं, आणि अंजनाबाईंनी विचारणं सोडून दिलं. बाकी बोलणं-चालणं भरपूर होतं. पाणी किती वाजता येणार, भाजी कशी दिली, सगळं भिंतीवरून चालायचं. चहा मात्र भिंत ओलांडत नसे. मी दोन्हीकडे चहा प्यायचो आणि गप्प बसायचो.

चंद्रीची अडचण अशी, की ती गाभण राहत नव्हती. चार वेळा मी कृत्रिम रेतन केलं आणि चारही वेळा वाया गेलं. म्हैस गायीसारखी हंबरून माज जाहीर करत नाही. पहाटे तासभर काहीतरी बारीकसं दाखवते आणि गप्प होते. शरदचंद्र सकाळी आठला वही घेऊन गोठ्यात जायचे आणि लिहायचे, “माजाची लक्षणं नाहीत.” ज्या वेळी मला फोन यायचा ती वेळ बहुतेक चुकीचीच असायची.

२००३ च्या डिसेंबरात एके सकाळी मला अंजनाबाईंचा फोन आला.

“डॉक्टर, माझी नाय, माईंची म्हैस माजावर आलीय. पहाटे चिमीला पाणी दाखवत होते ना, तेव्हा भिंतीवरून बघितलं. शेपूट बाजूला धरून उभी होती, आणि सोट पण टाकलाय, चिकट तार लोंबतेय, एकदम काचेसारखी. माईंना सांगितलंय मी. तुम्ही आज संध्याकाळीच या.”

मी संध्याकाळी गेलो. तीन महिन्यांनी हात घालून तपासलं तेव्हा चंद्री गाभण होती. माई गोठ्यातच रडायला लागल्या. मला असली रडारड झेपत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “आता रडताय काय? सातव्या महिन्यात डोहाळजेवण करा तिचं.”

माईंनी ते पदराला गाठ मारून ठेवलं.

जुलैतल्या एका रविवारी कार्यक्रम ठरला. मलाही आमंत्रण होतं, पण त्या दिवशी शिरगावला लसीकरण होतं, मी गेलो नाही. अंजनाबाईंना आमंत्रण नव्हतं. ज्या बाईच्या डोळ्यांमुळे म्हैस गाभण राहिली, तिला वगळून आळीतल्या बावीस बायका आल्या. चंद्रीच्या शिंगांना फुलांच्या वेण्या, अंगावर हिरवी साडी. साखरभात, मसालेभात, वांगीभात, नारळीभात, दहीभात असे पाच भात. प्रत्येकीने एकेक घास भरवला. मग ओटी भरली. बावीस बायकांनी ओंजळीओंजळीनं गहू घातले, परात शिगोशीग भरली.

इथं माईंचं जे चुकलं, ते दुसऱ्या कुणाचं चुकलं नसतं. तबेलेवाल्यानं गहू उचलून डब्यात भरले असते. पण माईंचा नेम असा, की ओटी जिची तिचे गहू. घरातल्यांनी त्यातला दाणा घेऊ नये. बायका गेल्यावर त्यांनी अख्खी परात चंद्रीपुढे ठेवली. वर उरलेला भात घातला. चंद्रीनं परात चाटून पुसून ठेवली.

सोमवारी दुपारी शरदचंद्रांचा फोन आला. मी पोचलो तेव्हा चंद्री मान खाली घालून उभी होती आणि कराकरा दात खात होती. पोट तटतटलेलं, डोळे आत गेलेले, शेण पाण्यासारखं पातळ आणि त्याला आंबट वास.

“काय घातलंत?” मी विचारलं.

शरदचंद्रांनी वही पुढे केली. सुका चारा सहा किलो, ओला वीस, पेंड अडीच. रविवारच्या पानावर डोहाळजेवणाचं नावही नव्हतं. त्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

“ओटीचे गहू,” माई म्हणाल्या. “तिचेच होते.”

मी कपाळाला हात लावला. माझा संताप झाला होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता. म्हशीचं पोट म्हणजे आंबवणाचं पिंप. त्यात कोट्यवधी बारीक जीव असतात आणि तेच तिच्यासाठी चारा पचवतात. एकदम एवढं धान्य पडलं की आत आम्ल तयार होतं आणि ते जीव मरतात. मग पोट बंद पडतं, आणि मागोमाग म्हैस जाते. पोटातलं रेडकू तर त्याआधीच.

नळी घालून पोट धुतलं. खायचा सोडा पाजला. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या औषधवाल्याकडून होत्या तेवढ्या सलाईनच्या बाटल्या आणल्या आणि एकामागून एक शिरेतून सोडल्या. माई गोठ्यातून हलल्या नाहीत. “दोघीही जगतील ना?” असं त्या दर तासाला विचारत होत्या. पोटातलं रेडकू पारडीच आहे असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मंगळवारी सकाळी चंद्रीची धुगधुगी वाढली होती, पण तिच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावला तर आत शुकशुकाट. धडधाकट म्हशीचं पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा तरी गडगडतं. मी दहा मिनिटं कान लावून बसलो. काही नाही.

मी शरदचंद्रांना बाजूला घेतलं. “आतले जीव मेलेत. ते औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. दुसऱ्या निरोगी म्हशीच्या पोटातलं पाणी काढून हिच्या पोटात घालायचं. गरम असतानाच घालावं लागतं, म्हणून म्हैस जवळची हवी. आजच हवी.”

जवळची म्हैस कुठली ते दोघांनाही ठाऊक होतं. भिंतीपलीकडे चिमी रवंथ करत बसली होती.

शरदचंद्रांनी आवाज खाली आणला. “आमच्या हिला सांगू नका. औषध म्हणून आणा. जनावराच्या तोंडचं उष्टं, त्यातून…” पुढचं त्यांनी गिळलं. मला राग आला, पण म्हैस मरत होती. मी मान डोलावली.

अंजनाबाई गोवऱ्या रचत होत्या. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी लगेच हात धुतले आणि चिमीचं दावं सोडायला घेतलं. मग थांबल्या.

“माईंना म्हाईत आहे?”

“नाही. औषध म्हणून सांगणार आहे.”

“मग नाय देणार.” त्यांनी दावं परत बांधलं. “डॉक्टर, माझी चिमी हवी तेवढं देईल. पण चोरून नाय. आम्ही कुणाच्या घरात चोरून जात नाय, आमची म्हैस कशाला जाईल? त्यांना खरं सांगा. नको म्हणाल्या तर त्यांची मर्जी.”

“म्हैस मरेल.”

“मग लवकर सांगा.”

मी परत आलो आणि माईंना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. शरदचंद्र वहीत बघत उभे राहिले. माई थोडा वेळ चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मला वाटलं, संपलं. मग त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “अंजना, दे गं.”

“आणते, माई,” पलीकडून आवाज आला. एवढंच.

चिमीचं डोकं अंजनाबाईंनी छातीशी धरलं, मी नळी घातली. हिरवट, कढत, गोड-आंबट वासाचं सहा लिटर पाणी निघालं. फडक्यातून बादलीत गाळलं. ती बादली अंजनाबाईंनी भिंतीवर ठेवली आणि पलीकडून माईंनी स्वतः उचलली. निवू नये म्हणून तिच्यावर पदर धरला आणि गोठ्यापर्यंत चालत आल्या. माईंबद्दल मला त्या दिवशी फार आदर वाटला. तो पुढे कमी झाला, पण तेव्हा वाटला हे खरं.

बुधवारी दुपारी चंद्रीच्या पोटात पहिला गडगडाट ऐकू आला. गुरुवारी तिनं मूठभर गवत खाल्लं आणि डोळे मिटून रवंथ करायला लागली. भिंतीपलीकडून अंजनाबाईंनी विचारलं, “चघळतेय का?” माई म्हणाल्या, “चघळतेय गं!” दोघीही हसल्या. मला वाटलं, आता चहा भिंत ओलांडणार.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चंद्री व्याली. पारडीच झाली, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. चौथ्या दिवशी मी दोघींना तपासायला गेलो तेव्हा माईंनी खरवसाचे दोन डबे माझ्या हातात दिले. एक माझा, एक अंजनाबाईंचा.

“तुम्ही खाल्लात का?” मी सहज विचारलं.

ओट्यावर दुधाची पिशवी होती, विकतची. मी तिच्याकडे बघतोय हे त्यांनी बघितलं.

“डॉक्टर, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? दूध हे पितात. मी नाही घेत. मला सगळं कळतं हो. अंजनानं दिलं म्हणून ही जगली, हेही कळतं. पण पेला तोंडाला लावला की ती बादली आठवते. घशाखाली उतरत नाही.”

जिच्यासाठी गोठ्यात तीन दिवस काढले, तिच्या दुधाचा थेंब त्या पीत नव्हत्या. मी डबा घेऊन पलीकडे गेलो.

अंजनाबाईंनी झाकण उघडलं, बोटाएवढा तुकडा तोंडात टाकला. “मस्त झालाय. माईंच्या हाताला चव आहे.” मग माझ्या तोंडाकडे बघितलं. “त्यांनी खाल्ला?”

खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही. “नाही,” मी म्हणालो.

त्या किंचित हसल्या. मला ते हसणं बघवलं नाही. त्यांनी खरवस ताटलीत काढला, डबा विसळला, पुसला आणि आत गेल्या. रिकामा डबा परत पाठवायचा नाही, ही रीत त्यांच्याकडेही होती. बाहेर आल्या तेव्हा डब्यात मेथी, बाळंतशेपा आणि गूळ घालून शिजवलेली बाजरी होती, अजून वाफ येत होती.

“थोडीच आहे, डॉक्टर, पोट नाय फुगायचं. माईंना म्हणावं, बाळंतिणीला आहे. तिला चालतं आमच्याकडचं.”

मी निरोप जसाच्या तसा पोचवला. माईंनी डबा घेतला, बराच वेळ हातात धरून ठेवला, मग चंद्रीपुढच्या टोपल्यात ओतला. चंद्रीनं टोपल्याचा तळ चाटेपर्यंत मान वर केली नाही.

“सगळं खाल्लं हो हिनं,” माई म्हणाल्या. हातात रिकामा डबा घेऊन त्या तशाच उभ्या होत्या. माझा जीव तुटला, आणि तो माईंसाठी तुटला.