सोनाबाईंचा व्यायाम

जालिंदर वस्तादांनी सोलापुरात आयुष्यभर पैलवान घडवले. १९७४ साली एका सकाळी विड्या वळणाऱ्या सोनाबाई त्यांच्या तालमीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वस्ताद, बसून बसून कंबर धरलीय. नातवाला उचलता येत न्हाय. मला बी काय तरी शिकवा की."

आतले पैलवान हसले, वस्ताद मात्र हसले नाहीत. कुस्ती सुटली की हेच गडी व्यायामही सोडतात, याची त्यांना खंत होती.

"शरीर काय जत्रेपुरतं असतं व्हय?" पैलवानांना दटावून ते अंगणात आले. त्यांनी सोनाबाईंना पाठ ताठ ठेवून उठबस करायला शिकवलं, मग हळूहळू हातात भरली कळशी दिली.

दिवाळीत सोनाबाई नातवाला कडेवर घेऊन मिरवत आल्या. मागं व्यायाम शिकायला आलेल्या विडी कारखान्यातल्या मैत्रिणी होत्या. वस्तादांनी खुशीत अंगणात सतरंजी अंथरली.