दरडीखालचा फोन

पहाटे दरड कोसळली आणि रस्त्याच्या कामावरचा पाण्याचा टँकर तिच्याखाली गेला. टँकर चालवणाऱ्याचा बाप सकाळपासून कडेला उभा राहून मुलाला फोन लावत होता. रिंग जात होती, पण उचलत कोणी नव्हतं.

"रिंग जातेय म्हणजे आहे ना तो?" येईल त्याला तो विचारायचा.

त्या रिंगच्याच भरवशावर मोबाइलच्या लहरींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या इंजिनीअरबाईंना बोलावलं होतं. त्यांच्याकडे ताटाएवढी एक पाटी होती, तिच्यावर छोट्या अँटेनांच्या ओळी. फोनची लहर प्रत्येक अँटेनापाशी किंचित मागेपुढे पोचते. त्या फरकावरून ती कुठून आली ते कळतं. एरवी बाई याच्या उलट करायच्या. सगळ्या अँटेनांना एका तालात बोलायला लावून लहर गर्दीतल्या एकाच फोनकडे वळवायच्या. आज नुसतं ऐकायचं होतं.

"काका, फोन लावत राहा. थांबू नका."

पडद्यावर ठिपका उमटला. "तिथे, कातळाच्या पायथ्याशी," बाई म्हणाल्या. पोकलेन गुरगुरत तिकडे गेला. बराच वेळ खणूनही नुसता मुरूमच निघाला.

"बाई, इथे उंदीरसुद्धा नाही," पोकलेनवाला वरून ओरडला.

बाईंनी कातळाकडे पाहिलं. ओला, सपाट, भिंतीसारखा उभा. त्यांचे कान तापले. लहर आधी त्याच्यावर आपटून मग पाटीकडे आली होती.

"चुकलं माझं," त्या मोठ्यानेच म्हणाल्या, "फोन दुसरीकडे आहे."

पाटी उचलून त्या दरडीच्या पलीकडच्या अंगाला गेल्या. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून प्यायचं होतं. त्यांनी दोन जागांवरून दिशा घेतली, दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे स्वतः जाऊन उभ्या राहिल्या आणि मगच हात वर केला.

टँकरची केबिन तिथेच लागली. आत फोन वाजत होता.

"काका, आता ठेवा," कोणीतरी हळूच म्हणालं.

मुलगा गेला होता. त्याच्या शेजारी कामावरचा स्वयंपाकी अडकला होता, पाय चेंगरलेले, पण जिवंत. वाजणारा फोन दोघांच्याही हाताला लागण्यासारखा नव्हता. तो टँकरमध्ये बसल्याचं कोणालाच माहीत नव्हतं. त्याला शोधायला कोणी आलंही नव्हतं.

मुलाच्या अंगावर चादर घातल्यावर बाप बाईंपाशी आला.

"पोरी, तो पहिला खड्डा खणला नसता तर?"

'नाही हो काका, तो आधीच गेला होता,' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

"मला माहीत नाही, काका."

बापाने मान हलवली. मग तो स्वयंपाक्याच्या स्ट्रेचरजवळ गेला.

"बोलत होता का रे तो?"

"बोलत होता," स्वयंपाकी म्हणाला. "मला झोपू देत नव्हता. मग कधी थांबला, मला कळलं नाही."

"याच्यासोबत कोण आहे?" अँब्युलन्समधल्या नर्सने विचारलं.

कोणीच पुढे झालं नाही. बापाने एकदा चादरीकडे पाहिलं. तिथे त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ बसला होता.

"तू पोराला घेऊन ये," त्याने भावाला सांगितलं आणि दांडी धरून अँब्युलन्समध्ये चढला.

बाई रिकाम्या खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या. गाडी वळणाआड गेल्यावरही त्यांना पाटी आवरायचं सुचत नव्हतं.